रोम : त्रास्तेव्हेरेमधलं सांता मारिया चर्च आणि आजूबाजूची वस्ती – इतिहास आणि एका दुपारचा बेत

नीरजा_नाशिक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या अखेरीस मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं इटलीला चाललो आहोत. सहल कंपनीबरोबर आहे, त्यामुळे कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं ठरलेलंच आहे. रोममधली एक दुपार मात्र मोकळी आहे. सासूबाई म्हणाल्या, "मोठाली चर्चं ते दाखवतीलच. मला असं एखादं दाखव, जिथे त्या आळीतली माणसं रोज जातात." शोधताना त्रास्तेव्हेरे भागातलं सांता मारिया हे चर्च सापडलं.

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून तारखा बघायला गेले आणि गोंधळले. एकीकडे तिसरं शतक, दुसरीकडे चौथं, तिसरीकडे बारावं, आणि दर्शनी ओसरी म्हणे १७०२ची! नक्की जुनं काय आहे? शिवाय जिथे तिथे तेलाच्या झऱ्याचा उल्लेख आहे, तो काय प्रकार? आणि हे अजूनही साधं वस्तीचं चर्च आहे, की आता फक्त पर्यटकांचं? कुणी राहिलं असेल किंवा निवांत पाहिलं असेल तर सविस्तर सांगा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेवढं लक्षात घ्या.

तिबेरकाठची

नीरजाताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं मागितलंय. मी त्याच भागाच्या वर, मोंतेव्हेर्देच्या टेकडीवर राहते. आठ नंबरच्या ट्रामने घरी जाताना मध्येच उतरून या चर्चमध्ये थोडा वेळ बसायचं, हे माझं बरीच वर्षं चालू आहे. त्यामुळे लांबलचक लिहिणार, वाचून घ्या.

तुम्हाला सापडलेल्या चारही तारखा बरोबर आहेत, पण त्या चार वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. या जागी ख्रिस्ती लोक जमू लागले ते पोप कॅलिक्स्टसच्या वेळी, म्हणजे २१७ ते २२२ या काळात, अशी परंपरा. हा कॅलिक्स्टस आधी गुलाम होता, मालकाच्या पैशाचे व्यवहार सांभाळायचा, आणि पुढे पोप झाला. चौथ्या शतकात पोप पहिला ज्युलियस (३३७ ते ३५२) याने इथे पहिलं मोठं चर्च बांधलं, ही मात्र नोंदीतली गोष्ट. आज तुम्ही ज्या वास्तूत शिराल ती बाराव्या शतकातली, ११४०च्या आसपासची. आणि दाराबाहेरची कमानींची ओसरी कार्लो फोंताना या वास्तुकाराने १७०२ मध्ये जोडलेली.

आता तेल. ख्रिस्तपूर्व ३८ मध्ये इथे जमिनीतून तेल उसळलं आणि तिबेर नदीपर्यंत वाहत गेलं, असं जुन्या ग्रंथांत आहे. तेव्हा या जागी निवृत्त सैनिकांसाठी एक विसाव्याचं ठिकाण होतं, त्याला 'ताबेर्ना मेरितोरिया' म्हणत. पुढे ख्रिस्ती लेखकांनी या तेलाचा अर्थ येशूच्या येण्याची आगाऊ खूण असा लावला. वेदीच्या पायऱ्यांपाशी उजव्या हाताला 'फोन्स ओलेई' (तेलाचा झरा) अशी अक्षरं कोरलेली दिसतील, ती त्याच जागेची. शेजारच्या गल्लीचं नावही तेलाच्या झऱ्यावरूनच आहे.

याच्याइतकीच मला आवडणारी दुसरी गोष्ट भांडणाची आहे. सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसच्या चरित्रात एक प्रसंग येतो. एका सार्वजनिक जागेवर ख्रिस्ती लोक आणि खानावळवाले असे दोघेही हक्क सांगत होते. सम्राटाने निवाडा दिला की खानावळवाल्यांच्या हाती जाण्यापेक्षा तिथे कुठल्याही रीतीने का होईना, देवाची पूजा झालेली बरी. मजकुरात जागेचं नाव नाही, पण त्रास्तेव्हेरेची परंपरा सांगते की ती जागा हीच. खरं-खोटं काही असो, आज त्या चौकात चर्चच्या समोर आणि बाजूला खानावळींच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि मला दर वेळी तो निवाडा आठवतो.

पण तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून बाराव्या शतकाचं नीट सांगते. माझ्या मते या चर्चचा खरा प्राण तिथे आहे.

१४ फेब्रुवारी ११३० या एकाच दिवशी रोममध्ये दोन पोप निवडले गेले. आदल्या रात्री पोप होनोरियस वारला होता. सकाळी थोड्याशा कार्डिनलांनी (पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू) घाईघाईने ग्रेगोरियो पापारेस्की याला निवडलं, त्याने दुसरा इनोसंट हे नाव घेतलं. काही तासांत बाकीच्या बहुसंख्य कार्डिनलांनी पिएत्रो पिएरलेओनी याला निवडलं, तो झाला दुसरा अनाक्लेटस. पापारेस्की घराणं त्रास्तेव्हेरेचं. पिएरलेओनींचं बळ नदीच्या बेटावर आणि पलीकडच्या काठावर. म्हणजे दोघे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरचे. आणि अनाक्लेटस हा पोप होण्याआधी कुठल्या चर्चचा कार्डिनल होता? याच, सांता मारिया इन त्रास्तेव्हेरेचा.

रोम अनाक्लेटसच्या बाजूने राहिलं. इनोसंटला शहर सोडून फ्रान्सला जावं लागलं. तिथे क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड, ज्याला पुढे संत मानलं गेलं, त्याने आपलं सगळं वजन त्याच्या मागे उभं केलं, एकेक राजा वळवला. अनाक्लेटसचा पणजोबा ज्यू होता, त्याने ख्रिस्ती धर्म घेतला होता. बर्नार्डने तेही काढलं, आणि ज्यूच्या वंशजाने पीटरच्या, म्हणजे पोपच्या गादीवर बसावं हा ख्रिस्ताचा अपमान आहे असं लिहिलं. संताच्या लेखणीतून असं उतरलेलं वाचताना मला आजही वाईट वाटतं. आठ वर्षं हा तंटा चालला. जानेवारी ११३८ मध्ये अनाक्लेटस वारला, तोही रोममध्ये, आपल्या गादीवर. मग इनोसंट परतला, आणि लवकरच त्याने प्रतिस्पर्ध्याचं हे चर्च पायापासून नवं बांधायला घेतलं.

चर्च मोडकळीला आलं असेलही. पण मला वाटतं, इनोसंटला आपल्याच आळीतून दुसऱ्याची खूण पुसायची होती. वेदीमागच्या अर्धगोल छतावरचं सोनेरी मोझेक (बारीक रंगीत तुकडे जडवलेलं चित्र) पाहिलंत की तुम्हालाही तसंच वाटेल. अगदी डावीकडे चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरून एक माणूस उभा आहे, बाकीच्यांसारखं त्याच्या डोक्यामागे तेजोवलय नाही. तो इनोसंट. त्याच बाजूला कॅलिक्स्टस आहे, पलीकडच्या बाजूला ज्युलियस आहे. या जागेशी ज्यांचा ज्यांचा संबंध ते सगळे आहेत. अनाक्लेटस कुठेच नाही. इनोसंट काम पूर्ण व्हायच्या आत, ११४३ मध्ये गेला. आधी त्याला लॅटरनच्या चर्चमध्ये पुरलं होतं, तिथे आग लागल्यावर त्याचे अवशेष इथे आणले. आज तो याच चर्चमध्ये आहे.

मोझेकच्या मधोमध मात्र सासूबाईंना बघू द्या. येशू आणि मरिया एकाच सिंहासनावर शेजारी बसलेत, आणि येशूने आईच्या खांद्यामागून हात टाकलाय. त्याची बोटं तिच्या खांद्यावर दिसतात. इतक्या जुन्या, राजेशाही थाटाच्या चित्रात इतका घरगुती हात मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वर कमानीच्या दोन्ही बाजूंना यशया आणि यिर्मया हे संदेष्टे आहेत, आणि दोघांपाशी एकेक पिंजरा, पिंजऱ्यात पक्षी. आपल्या पापांसाठी कैदेत पडलेला ख्रिस्त, असा त्याचा अर्थ सांगतात.

खांबांबद्दल आणि खालच्या ओळीतल्या चित्रांबद्दल उद्या लिहिते, स्वयंपाक राहिलाय.

नीरजा_नाशिक

तिबेरकाठची, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. "आईच्या खांद्यावरचा हात" ऐकून त्या म्हणाल्या, बाकी काही नसलं तरी चालेल, हे दाखव. दोन पोपांचं मला ठाऊकच नव्हतं. आता खांबांची वाट बघते.

दगडविटा

खांबांवर मी थोडं लिहू का? माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा आहे, शिकत असताना रोमला अभ्यासासाठी गेलो होतो.

मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना मिळून २२ खांब आहेत. एकही नवा घडवलेला नाही. सगळे ग्रॅनाइटचे, प्राचीन रोमन इमारतींमधून आणलेले, बरेचसे सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहातून. नीट बघितलंत तर जाडी सारखी नाही, उंची सारखी नाही, खालच्या बैठकी वेगवेगळ्या आहेत. कुठे बैठक उंच करून, कुठे माथा छोटा घेऊन वरची रेघ जुळवली आहे. आपल्याकडे पडलेल्या वाड्याचे सागवानी खांब विकत घेऊन नव्या घराच्या ओसरीला लावतात, तशातलंच हे. मला त्या गवंड्यांचं फार कौतुक वाटतं. बाराव्या शतकात इतका जाड ग्रॅनाइट खणून, घडवून आणण्याची रोमची ऐपतच उरली नव्हती. होतं त्यातून त्यांनी हे उभं केलं.

खांबांच्या माथ्यांपैकी काहींवर दोन बाजूंना गुंडाळी असते, त्या प्रकारच्या माथ्यांकडे मान वर करून बघा. मधोमध झिजल्यासारखी, तासल्यासारखी जागा दिसेल. तिथे चेहरे होते. इसिस, सेरापिस आणि हार्पोक्रेटिस या इजिप्तहून रोममध्ये आलेल्या देवतांचे. कॅराकॅलाच्या स्नानगृहातून येताना ते सोबत आले आणि सातशेहून अधिक वर्षं मरियेच्या चर्चमध्ये कुणालाही न खटकता राहिले. १८७०च्या सुमारास, पोप नवव्या पायसच्या काळातल्या जीर्णोद्धारात, हे चेहरे कुणाचे हे अभ्यासकांनी ओळखून सांगितलं, आणि मग ते छिन्नीने उडवले गेले.

जमिनीवरची रंगीत दगडांची नक्षीही त्याच जीर्णोद्धारात व्हेस्पिन्यानी या वास्तुकाराने नव्याने बसवली, जुन्या पद्धतीची आहे पण बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. छत मात्र अस्सल १६१७चं. दोमेनिकिनो या चित्रकाराने आराखडा केला आणि मधलं मरियेच्या स्वर्गारोहणाचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर रंगवलं. माझ्या मते चर्चमधली सर्वांत सुंदर गोष्ट ते छत आहे.

तिबेरकाठची

दगडविटा, चेहऱ्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. छताबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. छत देखणं आहे, पण त्याच्या सोन्यामुळे लोकांची मान वरच राहते आणि वेदीमागच्या खालच्या ओळीकडे कुणी बघत नाही. नीरजाताई, तुम्ही ती ओळ सोडू नका.

मोठ्या मोझेकच्या खाली मरियेच्या आयुष्यातले सहा प्रसंग आहेत. ते १२९०च्या दशकात पिएत्रो कावाल्लिनी या रोमन चित्रकाराने केले. पैसे दिले बेर्तोल्दो स्तेफानेस्कीने, तोही त्रास्तेव्हेरेच्याच घराण्यातला. खाली एका चौकटीत तो गुडघ्यावर बसलेला दिसतो. चित्रांखालच्या लॅटिन ओळी त्याचा भाऊ कार्डिनल याकोपो याच्या आहेत असं मानतात. वरचं इनोसंटचं मोझेक आणि खालचं कावाल्लिनीचं यांत जेमतेम दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण नजर फिरवली की जग बदलतं. वरची माणसं सोन्यावर चिकटवल्यासारखी सपाट आहेत. खालच्यांच्या कपड्यांखाली गुडघे आहेत, सिंहासनाला खोली आहे, अंगावर एका बाजूने उजेड पडलाय. ज्योत्तो या नावाजलेल्या चित्रकाराने पादुआ शहरात रंगवलेल्या भिंतींच्याही आधीचं हे काम आहे.

त्यातलं येशूजन्माचं चित्र शोधा. मरिया डोंगराच्या गुहेत पहुडली आहे, वर देवदूत, खाली मेंढपाळ. आणि मेंढपाळांच्या जवळ एक छोटीशी इमारत आहे, तिच्यावर अक्षरं आहेत : ताबेर्ना मेरितोरिया. तिच्यातून एक बारीक धार निघून नदीकडे वाहते. तेच तेल! बेथलेहेमच्या चित्रात कावाल्लिनीने त्रास्तेव्हेरेतली इमारत आणि तिबेर नदी आणून बसवली. चित्राखाली उभ्या राहिलेल्या कोळ्याला, नावाड्याला, चांभाराला ती अक्षरं वाचता आली नसतील, पण ती इमारत आपल्या पायाखालचीच, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणारच. वस्तीचं चर्च कशाला म्हणायचं ते मला या एका चित्रात दिसतं.

चर्चमध्ये उजेड कमी असतो. दिव्याच्या पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ झगझगीत प्रकाश पडतो, म्हणून सुट्टी नाणी जवळ ठेवा. आणि छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

सँड्रा_वसई

छान धागा. मी वसईची, आमच्या धर्मग्रामातल्या काही जणांबरोबर रोमला गेले होते तेव्हा संध्याकाळी या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलो होतो. चर्च माणसांनी भरलेलं होतं, त्यात तरुण कितीतरी. गाणी इतकी सुरेल की भाषा न कळता आम्ही शेवटपर्यंत बसलो. ही प्रार्थना सांत एजिदिओ नावाच्या संघटनेची असते ना? नीरजाताई, तुम्हाला चालणार असेल तर दुपारऐवजी उतरत्या उन्हात जा आणि प्रार्थनेपर्यंत थांबा. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, सासूबाई साडीत असतील तर प्रश्नच नाही.

डावीकडच्या आल्तेम्प्स चॅपेलमध्ये मरियेचं फार जुनं लाकडी फळीवरचं चित्र आहे, 'माता दयेची' असं त्याला म्हणतात. सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यानचं सांगतात. त्याच चॅपेलच्या भिंतीवर त्रेंतच्या धर्मपरिषदेचं (सोळाव्या शतकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा) १५८८चं चित्र आहे. आम्हाला कॅटेकिझममध्ये त्या परिषदेबद्दल शिकवलं होतं, म्हणून मला ते बघताना भरून आलं.

एक प्रश्न : आजूबाजूच्या वस्तीत आता जुनी माणसं उरली आहेत का? आम्हाला तर हॉटेलंच दिसली.

तिबेरकाठची

सँड्रा, हो, ती प्रार्थना सांत एजिदिओचीच. त्यावर खाली लिहिते. आधी वस्तीचं.

त्रास्तेव्हेरे म्हणजे नदीपलीकडचा भाग, आणि रोमने त्याला कायम पलीकडचाच मानला. ऑगस्टसने शहराचे चौदा विभाग पाडले तेव्हा हा चौदावा. इथे बंदरावरचे हमाल, खलाशी, कातडी कमावणारे आणि पूर्वेकडून आलेले लोक राहायचे. सीरियातल्या लोकांचं देऊळ मागच्या टेकडीवर होतं. रोमचे ज्यू लोक प्रथम इथेच वसले. सांता मारियाहून चालत थोडं पूर्वेला गेलात तर विकोलो देल्ल'आत्लेता या अरुंद गल्लीत मध्ययुगीन कमानींचं एक घर आहे, त्याच्या खांबावर हिब्रू अक्षरं आहेत. ते जुनं सिनेगॉग असावं असं समजतात. १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने ज्यूंना पलीकडच्या काठावर भिंतीच्या आत कोंडलं, तोवर या बाजूला त्यांचं येणंजाणं, राहणं होतं. अनाक्लेटसच्या पणजोबाची गोष्ट मला म्हणूनच परक्या माणसाची वाटत नाही, ती याच वस्तीची आहे.

इथली माणसं चर्चला जीव लावणारी, पण पोपच्या राज्याला (१८७० पर्यंत रोमवर पोपचंच राज्य होतं) सगळेच मान तुकवणारे नव्हते. व्हिया देल्ला लुंगारेत्ता या रस्त्यावर एका घराला पाटी आहे. २५ ऑक्टोबर १८६७ला तिथे, लोकरीच्या कारखान्यात, इटली एक करण्यासाठी लढणाऱ्या गारिबाल्दीच्या बाजूची मंडळी जमली होती, उठावाची तयारी चालली होती. पोपच्या सैनिकांनी घर फोडलं. जुदित्ता तावानी आरक्वाती ही गरोदर होती. ती, तिचा नवरा आणि लहान मुलगा तिथेच मारले गेले. तिच्या नावाने जवळच चौक आहे. तुम्ही नेमक्या त्याच आठवड्यात जाताय, पाटीपाशी हार दिसू शकेल.

तीन वर्षांनी पोपचं राज्य गेलं आणि त्याच वर्षी, डिसेंबर १८७० मध्ये, तिबेरला प्रचंड पूर आला. मग नव्या सरकारने दोन्ही काठांना उंच भिंती बांधल्या. पुरापासून शहर वाचलं, पण काठावरची घरं गेली आणि नदीशी बोलणं तुटलं. त्यापाठोपाठ वस्तीच्या मधून सरळसोट रुंद रस्ता काढला, आजचा व्हियाले त्रास्तेव्हेरे, ज्यावरून माझी ट्राम धावते. सांता मारिया एका बाजूला राहिलं आणि सांता चेचिलिया हे इथलं दुसरं जुनं चर्च दुसऱ्या बाजूला.

जुनी माणसं विचारलीत. उरली आहेत, पण थोडी. घरमालकांना पर्यटकांना खोल्या देणं परवडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या मुलांना इथलं भाडं परवडत नाही. सान कोझिमातो चौकात सकाळी भाजीबाजार भरतो. तिथे आर्टिचोक सोलत बसलेल्या बाईच्या तोंडून अजून अस्सल रोमन बोली ऐकू येते. जुलैमध्ये कार्मिनेच्या मरियेचा उत्सव असतो, मूर्ती गल्ल्यांतून मिरवतात, नंतर नदीतूनही नेतात. कोर्सिकाच्या कोळ्यांना १५३५ मध्ये वादळानंतर नदीच्या मुखाशी ही मूर्ती मिळाली अशी कथा आहे. त्या दिवशी गावाबाहेर उपनगरांत राहायला गेलेली घराणी परत येतात. खिडक्यांवर लाल कापडं टाकलेली असतात, आणि म्हाताऱ्या बायका बाल्कनीतून नावं घेऊन हाका मारतात. हे मला मनापासून जपलं जावंसं वाटतं.

पणजीकर_सुहास

सांत एजिदिओचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या नात्यातली काही मंडळी मोझांबिकमध्ये होती, बैरा बंदरात. गोव्याचे लोक तिथे पोर्तुगीज काळापासून. १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभारच गोव्याहून चालायचा. स्वातंत्र्यानंतर १९७७ पासून तिथे यादवी सुरू झाली, फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर. आमच्या घरी पत्र आलं की आजी आधी विचारायची, सगळे जिवंत आहेत ना.

ते युद्ध ज्या कराराने थांबलं तो ४ ऑक्टोबर १९९२ला रोममध्ये झाला, आणि वाटाघाटी सांत एजिदिओच्या त्रास्तेव्हेरेतल्या घरात चालल्या होत्या, एवढं मला घरच्यांकडून कळलं होतं. त्या जागेचा आणि या चर्चचा काय संबंध, हे कुणी सांगेल का?

तिबेरकाठची

सुहासदादा, संबंध अगदी जवळचा आहे, आणि तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

१९६८ मध्ये रोमच्या काही शाळकरी मुलांनी, आंद्रेआ रिक्कार्दी त्यांचा पुढारी, शहराबाहेरच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९७३ पासून त्यांचं बस्तान सांता मारियाच्या मागे, सांत एजिदिओ नावाच्या कार्मेल संघाच्या जुन्या मठात बसलं. तिथूनच संघटनेला नाव मिळालं. पुढे सांता मारियाचं पॅरिश, म्हणजे धर्मग्रामही त्यांच्याच धर्मगुरूंकडे आलं. १९८१ मध्ये विन्चेन्झो पाल्या प्रमुख धर्मगुरू झाले, आणि मात्तेओ झुप्पी त्यांचे सहायक. झुप्पी नंतर २००० ते २०१० प्रमुख होते.

आता तुमचा प्रश्न. मोझांबिकच्या वाटाघाटींत चार मध्यस्थ होते : रिक्कार्दी, बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्व्हिश, इटलीच्या सरकारकडून मारिओ राफाएल्ली, आणि हेच झुप्पी. म्हणजे जो फादर या चर्चमध्ये मिस्सा करायचा, बाप्तिस्मे द्यायचा, आळीतल्या आजारी माणसांकडे जायचा, तोच पलीकडच्या मठात दोन सैन्यांना एका टेबलाशी बसवत होता. जुलै १९९० पासून दोन वर्षांहून जास्त काळ हे चाललं. शेवटी राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे धलाकामा यांनी सह्या केल्या. तुमच्या आजीच्या पत्रांमागचं युद्ध थांबवण्याचं काम या गल्लीत झालं. झुप्पी आज बोलोन्याचे कार्डिनल आहेत.

याच माणसांनी १९८२च्या नाताळला चर्चच्या आत, खांबांच्या मध्ये टेबलं मांडून वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना आणि बेघरांना जेवायला बसवलं. पहिल्या वर्षी वीसेक जण होते. तेव्हापासून दर नाताळला बाकं बाजूला सरकतात, पांढऱ्या चादरी अंथरल्या जातात. मी एका वर्षी वाढायला गेले होते. माझ्या टेबलावर मसूर आणि भाजलेलं मांस वाढायचं होतं, आणि प्रत्येक ताटाशी पाहुण्याचं नाव लिहिलेली भेटवस्तू होती. माझ्या समोरच्या आजोबांनी आधी नाव वाचलं, भेट खिशात ठेवली, आणि मग जेवायला सुरुवात केली. त्यांच्या डोक्यावर कावाल्लिनीची मरिया होती. ज्या जागेवर खानावळवाले आणि भाविक भांडले असं सांगतात, त्याच जागेवर देवाच्या समोर पंगत बसते, हे मला इतिहासाच्या पुस्तकात कुठेही सापडलं नसतं.

नीरजा_नाशिक

वाचताना डोळे भरून आले. सासूबाईंनी ठरवलंय की मोकळी दुपार पूर्ण इथेच घालवायची, खरेदीला अजिबात जायचं नाही. आता व्यवहाराचं विचारते : चढउतार किती? व्हेनेझिया चौकातून कसं जायचं? आणि सांता चेचिलियाचा उल्लेख आला, तेही जमेल का?

तिबेरकाठची

चर्चमध्ये शिरताना फारशा पायऱ्या नाहीत, वेदीपाशी थोड्या आहेत, त्या न चढताही सगळं दिसतं. त्रास गल्ल्यांतल्या काळ्या दगडांचा होतो, बुटक्या चौकोनी दगडांची फरसबंदी आहे, पाऊस पडला की निसरडी. सासूबाईंना चपलांऐवजी रबरी तळाचे बूट द्या. व्हेनेझिया चौकातून आठ नंबरची ट्राम चालू असेल तर बेल्ली चौकात उतरा, तिथून सपाट रस्त्याने सावकाश दहा मिनिटं. वाटेवर तीच लुंगारेत्ता लागेल. ट्राम बंद असेल तर टॅक्सी करा, गुडघ्यांवर जोर नको.

सांता चेचिलियामध्ये कावाल्लिनीचंच 'अंतिम न्याय' हे भित्तिचित्र आहे, नन्सच्या बाकांमागे झाकलेलं होतं, १९०० मध्ये सापडलं. पण ते वरच्या मजल्यावर, नन्सच्या भागात आहे आणि सहसा सकाळीच दाखवतात. तुमची दुपार मोकळी आहे, म्हणून त्याचा आग्रह धरू नका. त्याऐवजी चार वाजता सांता मारियात पोचा, आधी ओसरीत थांबा. भिंतींवर जुन्या थडग्यांचे शेकडो तुकडे बसवलेत, पक्षी, नांगर, नावं. मग आत जाऊन खांब, मग कावाल्लिनी. त्यानंतर चौकात कारंज्याच्या पायऱ्यांवर बसा. दर्शनी भिंतीवर वर मोझेकमध्ये मरिया बाळाला पाजते आहे आणि दहा स्त्रिया दिवे घेऊन येताहेत, ते तिथूनच नीट दिसतं. प्रार्थनेची वेळ दारावरच्या फलकावर लावलेली असते, आत जाताना बघून घ्या.

तारीख नक्की झाली की मला संदेश करा, मी त्या संध्याकाळी मोकळी असले तर बेल्ली चौकात घ्यायला येते.